ठसे, रंग आणि हाताचा दाब

गौरी आवाहनाच्या दिवशी उंबऱ्यापासून देवघरापर्यंत येणारी लक्ष्मीची पावलं अनेक घरांत काढत नाहीत, उमटवतात. तांदळाचं पीठ सरसरीत कालवायचं किंवा कुंकवाचं पाणी करायचं, मूठ आवळायची, करंगळीकडची कड त्यात बुडवायची आणि जमिनीवर टेकवायची. टाच, मधला निमुळता भाग आणि चवडा एका दाबात तयार होतो. वर बोटाच्या टोकाने पाच ठिपके. उजव्या मुठीचं एक पाऊल, डाव्या मुठीचं दुसरं. आमच्या बदलापूरच्या शिरगावात जी जुनी कौलारू घरं उरली आहेत तिथे ही पावलं ओटीवरून माजघरात जातात. शेजारच्या नव्या इमारतींत ती लिफ्टच्या दारापासून निघतात. हत्यार मात्र तेच आहे. आजीच्या मुठीचं पाऊल रुंद येतं, नातीच्या मुठीचं इवलंसं, आणि कुणाची मूठ कुठली हे घरातल्यांना न सांगता कळतं. बाजारात हल्ली पावलांचे चिकटवायचे कागद मिळतात. ते सगळे एकाच मापाचे, एकाच लाल रंगाचे असतात. ते वापरणाऱ्यांना मी दोष देत नाही, सणाच्या दिवशी घरात कामाचा डोंगर असतो. पण त्या कागदासोबत घरातल्या बायकांचे हात उंबऱ्यावरून नाहीसे होतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ही वही त्या मुठीपासून सुरू होते. शिरगावात दुपारच्या वेळी शेजारच्या बायका आणि शाळा सुटलेली मुलं यांच्याबरोबर मी जे ठसेकाम करत आले, त्यातले धडे हिच्यात एकत्र केले आहेत: ठसा कोरणं, तो उमटवणं, त्याच्या खाली आणि वर रंग लावणं, त्यात कागद, कापड, दोरा, जुनी तिकिटं मिसळणं. चित्रकलेच्या पुस्तकांत शेवटच्या प्रकाराला मिश्र माध्यम म्हणतात. पाठ सुरू करण्याआधी या कामाची ओळख करून द्यावी, ते कुठून आलं, आपल्या आसपास त्याची काय मुळं आहेत आणि त्यात पाहायचं काय, हे सांगावं, यासाठी ही प्रस्तावना थोडी लांबवली आहे.

माझं म्हणणं एकच आहे. ठशात महत्त्वाचा ठोकळा नसतो, दाब असतो. ठोकळा एकदा तयार झाला की तोच राहतो. दाब दर वेळी नवा असतो, आणि तो ज्याचा त्याचा असतो. म्हणूनच ‘मला चित्र काढता येत नाही’ असं आयुष्यभर सांगत आलेल्या माणसासाठी ठसा हे सगळ्यांत उघडं दार आहे. रेघ काढायची भीती त्याच्यातून निघून जाते आणि तरीही कागदावर जे येतं ते त्याच्याच हाताचं असतं.

ठसा म्हटला की आपल्याला आधी कचेरी आठवते, आणि त्यात गैर काही नाही. रबरी शिक्का जन्मला तोच कामकाजासाठी. झाडाच्या चिकापासून केलेलं रबर उन्हाळ्यात चिकट व्हायचं आणि थंडीत ठिसूळ. चार्ल्स गुडइयर याने 1839 मध्ये गंधक मिसळून तापवलेलं रबर टिकाऊ आणि लवचीक होतं हे शोधून काढलं, 1844 मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि पुढच्या वीसएक वर्षांत अमेरिकेत रबरी शिक्के तयार होऊ लागले. त्यात दंतवैद्यांचा हात होता. कवळीचा पाया तेव्हा रबर तापवून घट्ट करून बनवत आणि त्यासाठी दंतवैद्यांकडे लहानशी भट्टी असे. पहिले शिक्के अशाच भट्ट्यांत भाजले गेले. कवळी आणि शिक्का एकाच भांड्यातून निघालेले आहेत, ही गोष्ट मुलांना सांगितली की ती दोन्ही वस्तूंकडे वेगळ्या नजरेने पाहतात.

आपल्याकडे तहसील कचेरी, कोर्ट, स्टेशन यांच्या आजूबाजूला शिक्के बनवणाऱ्यांची छोटी दुकानं असतात. अंबरनाथ आणि उल्हासनगरात हिंडलात तर ‘रबरी शिक्के ताबडतोब करून मिळतील’ अशी पाटी दिसेलच. जुन्या पद्धतीत छापखान्यासारखे खिळे जुळवून मजकूर बांधायचा, त्याचा साचा काढायचा, साच्यावर कच्चं रबर ठेवून गरम दाबयंत्रात भाजायचं, मग ते कापून लाकडी मुठीवर चिकटवायचं. नंतर पॉलिमर आलं. त्यात मजकुराची निगेटिव्ह फिल्म काढतात, काचेवर मधासारखं दाट रसायन ओततात आणि त्यावर अतिनील प्रकाश सोडतात. प्रकाश लागतो तेवढं घट्ट होतं, उरलेलं ब्रशने धुऊन जातं. आता लेझरने रबर कोरणारी यंत्रंही आहेत आणि आत शाई भरलेले, पॅड न लागणारे शिक्केही. दुसरीकडे सातबारा डिजिटल सहीने मिळू लागला, अर्ज फोनवरून जाऊ लागले, आणि शिक्क्याचं कचेरीतलं काम कमी होत चाललं. हे दुकानदार हाताने काम करणारे कसबी आहेत. त्यांना नवं गिऱ्हाईक हवं आहे आणि ते आपण होऊ शकतो. पांढऱ्या कागदावर काळ्या पेनाने काढलेलं आपलं चित्र त्यांना द्या, ते त्याचा शिक्का करून देतील. चित्र उलटं काढून न्यायची गरज नाही, ते काम त्यांचं. फक्त केसाएवढी बारीक रेघ काढू नका. धुताना ती टिकत नाही.

शिक्क्याच्या पॅडमधली जांभळी शाई मात्र आपल्या कामात जपून वापरायची वस्तू आहे. ती रासायनिक रंगाची, पाण्यात विरघळणारी, आणि पॅड सुकू नये म्हणून ग्लिसरीन घातलेली असते. बदलापूरच्या जांभळांनी पिशवीवर पडलेल्या डागांची आठवण करून देणारा तो रंग मला फार आवडतो. पण त्यावर ओला अ‍ॅक्रिलिक रंग लावला की तो वर येतो आणि पांढऱ्यालाही जांभळट करतो, आणि उन्हात टांगून ठेवलेल्या चित्रातून वर्षभरात फिका होतो. काही जणी हे मुद्दाम वापरतात: आधी जांभळा ठसा, वर पांढऱ्याचा पातळ हात, आणि ठसा धुक्यातून आल्यासारखा वर उमलू द्यायचा. पावसाळ्यात आमच्या इथून चंदेरीचा सुळका ढगात जसा दिसतो, तसं चित्र त्यातून मिळालेलं आहे. ठसा काळाच आणि घट्ट राहायला हवा असेल तर पॅड बाजूला ठेवा आणि स्पंजने अ‍ॅक्रिलिक रंग लावा.

कचेरीच्या आधी दरबार होता. मराठी राज्यातल्या पत्रांवर माथ्याला राजाची किंवा अधिकाऱ्याची मुद्रा असे आणि मजकूर संपतो तिथे दुसरी, लहान मुद्रा, जिला मर्यादा मुद्रा म्हणतात. शिवाजी महाराजांची अष्टकोनी राजमुद्रा शाळेच्या पुस्तकामुळे सगळ्यांना माहीत आहे. शेवटच्या छोट्या मुद्रेकडे मात्र लक्ष जात नाही. तिचं काम अतिशय व्यवहारी होतं: इथे पत्र संपलं, यापुढे कुणी ओळ वाढवू नये. रचनेच्या दृष्टीने हा मोठा धडा आहे. ठसे उमटवत सुटलेल्या हाताला थांबायचं कुठे हे कळत नाही. आमच्याकडे मी सगळ्यांना प्रत्येक पानासाठी एक शेवटचा ठसा आधीच ठरवून ठेवायला सांगते. तो उमटला की पान पुरं.

आणखी मागे जायचं तर आमच्यापासून लोकलने एका स्टेशनावर अंबरनाथचं शिवमंदिर आहे. तिथे ठसा या गोष्टीचा एक निराळा उपयोग समजून घेता येतो. मंदिराच्या उत्तरेकडच्या दारावर आतल्या बाजूला एक शिलालेख आहे, शिलाहार राजा मामवाणी याच्या काळातला, शके 982 म्हणजे इसवी सन 1060 चा. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा आकडा 782 वाचला होता. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो पुन्हा तपासून 982 ठरवला. एका झिजलेल्या अंकावर दोनशे वर्षांचा फरक टांगलेला होता. असे लेख वाचणारे अभ्यासक दगडावरून कागदावर ठसा घेतात. दगड पाण्याने आणि ब्रशने साफ करायचा, ओला कागद त्यावर बसवायचा, राठ केसांच्या ब्रशने ठोकून ठोकून तो अक्षरांच्या खाचांत शिरवायचा, मग शाईच्या बोळ्याने वरून हलके थापटायचं. उंच भाग काळा होतो, खोदलेली अक्षरं पांढरी राहतात. शाई कागदाच्या बाहेरच्या बाजूला लागते, त्यामुळे अक्षरं सुलटी येतात. आपल्या शिक्क्याच्या नेमकी उलट गोष्ट आहे ही: शिक्क्यात आपण वस्तू कागदावर दाबतो, इथे कागद वस्तूवर दाबला जातो. इथेही सगळं दाबावर आहे. जोर जास्त झाला की कागद फाटतो, कमी पडला की अंक हरवतो.

मंदिर संरक्षित वास्तू आहे, तिथल्या दगडाला कागद लावायला जाऊ नका. तिथे बघायला मात्र जरूर जा, आणि घरी येऊन हीच रीत पाट्यावर करून पाहा. टाकी लावलेल्या पाट्यावर पातळ कागद ठेवून मेणाचा खडू आडवा फिरवला की टाकीचा प्रत्येक घाव कागदावर येतो. जात्याची तळी, जुन्या दाराची पितळी कडी, फरसबंदीच्या सिमेंटच्या विटा, रेल्वे पुलाच्या जिन्यावरची खवल्यांची लोखंडी पट्टी, सगळ्यांचे पोत उतरतात. या वहीतला दुसरा पाठ पूर्ण या कामाला दिला आहे. तो सुरुवातीच्या आराखड्यात नव्हता. मुलांनी इतकं काही शोधून आणलं की त्याला स्वतंत्र जागा द्यावीच लागली.

शाळेतल्या ठसेकामाबद्दल थोडं बोलणं भाग आहे. भेंडी आडवी कापून तिचं पाच पाकळ्यांचं फूल छापलेलं नाही असा महाराष्ट्रात शिकलेला माणूस विरळा. बालभारतीच्या ‘खेळू, करू, शिकू’ या पुस्तकांतही ठसेकाम आहे, आणि ते असायलाच हवं. माझी तक्रार साहित्याबद्दल नाही, घाईबद्दल आहे. भेंडी एकदा छापली, फूल आलं, खाली हिरवी दांडी काढली, पान संपलं. सगळ्या वर्गाच्या वह्यांत तेच फूल. भेंडीला तेवढंच येतं असं थोडंच आहे? तीच भेंडी उभी चिरली तर होडी मिळते आणि आतल्या बियांची रांग मिळते. एकाच फुलाचे ठसे एकमेकांवर अर्धे अर्धे चढवत नेले तर नक्षी जाळीसारखी विणली जाते. रंग न भरता पुन्हा पुन्हा दाबत गेलं तर फूल फिकं होत होत दूर जातं आणि पानावर खोली येते. अर्धा कोबी छापला तर वाऱ्याने हलणाऱ्या पाण्याच्या रेषा येतात. कांद्याची वर्तुळं, कारल्याची दातेरी कड, दोडक्याच्या शिरा. भाजी निवडतानाच एक तुकडा बाजूला ठेवायचा. भाजी छापण्याआधी ती फडक्याने टिपून घ्यायची एवढंच लक्षात ठेवा. बटाट्यातलं पाणी रंगात उतरतं आणि कडा फुटतात.

भाजी दुसऱ्या दिवशी सुकते, म्हणून टिकाऊ ठशासाठी खोडरबर हवं. मोठं, मऊ, पांढरं खोडरबर आणि धारदार कटर एवढ्यावर सुंदर काम होतं. जुन्या हवाई चपलेचा तळही उत्तम. त्याचा स्पंज रंग धरतो आणि लाकडाच्या तुकड्यावर चिकटवला की हातभर मोठा ठसा तयार होतो. चित्र उलटं करायची चिंता करू नका. बटर पेपरवर मऊ पेन्सिलीने चित्र काढा, तो पालथा घालून खोडरबरावर घासा, चित्र आपोआप उलटून बसतं.

अक्षरं कोरताना आपल्या लिपीचा एक गुण कामाला येतो. शिरोरेषेमुळे सगळा शब्द एका पट्टीला लटकलेला असतो, त्यामुळे ‘दिवाळी’ कोरलं तर शब्द एकसंध राहतो, अक्षरं सुटी पडून हलत नाहीत. स्टेन्सिलमध्ये याच्या बरोब्बर उलट होतं. तिथे ‘व’, ‘ब’, ‘क’ यांच्या पोटातला गोल तुकडा गळून पडतो, म्हणून तो धरून ठेवायला बारीक पूल सोडावे लागतात. हे पूल कुठे सोडायचे यात अक्षराचं रूप ठरतं. चौथ्या पाठात देवनागरीची अख्खी वर्णमाला अशा पुलांसह दिली आहे. ती बसवायला सगळ्यांत जास्त वेळ लागला, आणि या वहीत मला सगळ्यांत प्रिय असलेलं काम तेच आहे. परदेशातून येणाऱ्या तयार शिक्क्यांच्या संचांत रोमन अक्षरं हवी तितकी मिळतात. आपल्या मुलांना आपल्या नावाचा ठसा आपल्या लिपीत उमटवता आला पाहिजे, आणि तो स्वतः कापून.

रंगांकडे येते. आमच्याकडच्या बहुतेकींच्या कपाटात कॅम्लिनचे किंवा फेविक्रिलचे रंग आधीपासून असतात, कधीतरी साडीवर फुलं काढायला आणलेले. कॅम्लिन हे मराठी घरातलं जवळचं नाव. दिगंबर आणि गोविंद या दांडेकर बंधूंनी 1931 मध्ये घोडा छाप शाईपासून हा उद्योग सुरू केला आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या हातात उंटाच्या चित्राच्या रंगपेट्या दिल्या. कापडावरचे रंग हे मुळात अ‍ॅक्रिलिकच असतात, फक्त मऊ राहावेत असे बनवलेले. कागदावर ते छान बसतात. अ‍ॅक्रिलिकचं तत्त्व साधं आहे: पाण्यात प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण आणि रंगद्रव्य तरंगत असतं, पाणी उडून गेलं की कण एकमेकांना चिकटतात आणि पुन्हा पाण्याने सुटत नाहीत. थरावर थर चढवायला म्हणूनच ते सोयीचे, आणि म्हणूनच ठशासाठी धोक्याचेही. ठशाच्या खाचेत सुकलेला अ‍ॅक्रिलिक निघत नाही. छापून झालं की लगेच ओल्या फडक्यावर ठसा टेकवायची सवय लावा; कोमट पाणी, साबण आणि दात घासायचा जुना ब्रश पुरे. थिनर किंवा रॉकेलने रबर फुगतं, त्यांना हात लावू नका. पोस्टर कलर पाण्याने सुटतो, तो खालच्या थरासाठी नको, वरच्या शेवटच्या हातासाठी ठेवा.

आणि हवा. कुळगाव-बदलापूरच्या पट्ट्यात पाऊस धो धो पडतो. जून ते सप्टेंबर कागद मऊ पडलेला असतो, फेविकॉल सुकायचं नाव घेत नाही, आणि सुकल्यासारखी वाटणारी दोन पानं एकमेकांना चिकटून बसतात. परक्या हवेत लिहिलेल्या पुस्तकांत ‘दहा मिनिटं थांबा’ असं असतं. श्रावणात आमच्याकडे दहा मिनिटांत काही होत नाही. पावसाळ्यात रंगात पाणी अगदी कमी घाला, थर पातळ ठेवा, पानांमध्ये मेणकागद घाला आणि पंख्याखाली आडवं सुकवा. तांदळाची किंवा मैद्याची खळ वापरत असाल तर तिच्यात मोरचूद टाकायची जुनी रीत होती. ते विष आहे, मुलांच्या हाती द्यायचं नाही. लवंगेच्या तेलाचे दोन थेंब घाला, बुरशी बरीच लांबते.

कागद जाड हवा, एवढं मी आग्रहाने सांगेन. पुण्यात के. बी. जोशी यांनी 1940 मध्ये हातकागदाची संस्था उभी केली, गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या विचारातून. तिथल्यासारखा सुती चिंध्यांचा कागद पाणी पितो आणि तरीही फाटत नाही. पण रोजच्या सरावाला लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी, मिठाईच्या खोक्यांचे पुठ्ठे, जुन्या कॅलेंडरची पानं पुरेशी आहेत. छापताना खाली वर्तमानपत्राची पाचसहा पानं घडी करून ठेवा. कडक टेबलावर ठशाच्या फक्त कडा उमटतात, मधला भाग पांढरा राहतो. खाली थोडं मऊ असलं की दाब सगळीकडे पोहोचतो.

मिश्र माध्यम हा शब्द ऐकून अनेक जण बिचकतात, जणू हे कलाशाळेतलं, समजायला कठीण असं काही असावं. युरोपात 1912 मध्ये पिकासोने चित्रात छापील मेणकापडाचा तुकडा चिकटवला, ब्राकने कागद चिकटवले, आणि 1919 च्या सुमारास कुर्ट श्विटर्स या जर्मन कलावंताने कचेरीतले रबरी शिक्के घेऊन त्यांची चित्रं केली. कलेच्या इतिहासात हे मोठे टप्पे आहेत आणि ते मान्य करायलाच हवेत. पण त्याच काळात, आणि त्याआधीही, आपल्या घरांत काय चाललं होतं ते बघा. राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये गिरगावात शिळा छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि नंतर फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. 1972 मध्ये आगीत त्याची वाताहत झाली. आपल्या याच कर्जत मार्गाने घाट चढून लोणावळ्याच्या पुढे गेलं की मळवली. तिथून निघालेली लक्ष्मी आणि सरस्वतीची रंगीत चित्रं घरोघर पोहोचली, आणि घरातल्या बायकांनी ती तशीच टांगली नाहीत. लक्ष्मीच्या लुगड्यावर खरं रेशीम चिकटवलं, काठाला जर लावली, दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि मणी शिवले, मुकुटावर चमकी लावली. अशी सजवलेली चित्रं आज संग्रहालयांत आणि संग्राहकांकडे आहेत. मूळ चित्रकाराचं नाव जगाला माहीत आहे. ज्यांनी त्यावर सुई चालवली त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. दगडावर एकेका रंगाचा वेगळा ठसा घेऊन छापलेलं चित्र, आणि त्यावर कापड, धातू, काच: मिश्र माध्यमाचं याहून पुरं उदाहरण मला माहीत नाही.

आमच्या भागात याला लागणारी सामग्री विपुल आहे. अंबरनाथला विमको या काडेपेट्यांच्या कंपनीचा कारखाना होता. 1923 मध्ये स्थापन झालेल्या त्या कंपनीच्या पेट्यांवरची छोटी छापील चित्रं अनेकांनी लहानपणी जमवली आहेत. एखाद्याच्या घरी ती अजून डब्यात असतील तर मूळ पेटी फाडू नका, छायाप्रत काढा. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत निर्वासित आले आणि 1949 मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. तिथल्या कापडबाजारात आज कतरण, लेस, जरीच्या पट्ट्या यांचे ढीग असतात. शिंप्याकडची चिंधी, नाड्याचा तुकडा, बटणं, फाटक्या साडीचा काठ यांना आमच्याकडे एक मोठा डबा आहे आणि त्यातूनच बहुतेक पानं तयार झाली. पैठणीच्या जीर्ण काठावर खोडरबराचा मोर उमटवून त्यावर सोनेरी रंगाचा कोरडा ब्रश फिरवलेलं पान आठव्या पाठात आहे. ते करणाऱ्या बाईंनी त्याआधी हातात ब्रश धरला नव्हता.

प्रभाकर बरवे यांचं नाव इथे घ्यायला हवं. नागावात जन्मलेल्या या चित्रकाराने विणकर सेवा केंद्रात काम केलं, कापडाच्या नक्षीशी त्याचा रोजचा संबंध होता, आणि भिंतींना, पत्र्यांना लावायचा इनॅमल रंग त्याने कॅनव्हासवर आणला. पान, घड्याळ, पिन अशा साध्या वस्तू रिकाम्या जागेत ठेवून त्याने जी चित्रं केली, त्यांत प्रत्येक वस्तू ठशासारखी स्वच्छ कडेची असते आणि तिच्याभोवतीची जागा तितकीच बोलते. ‘कोरा कॅनव्हास’ हे त्याचं पुस्तक मराठीत आहे, ते मिळवून वाचा. ठसेकाम करणाऱ्याने त्यातून एक गोष्ट नक्की घ्यावी: पान भरायची घाई करू नये.

विकायच्या वस्तूंबद्दल. दिवाळीच्या आधी सोसायट्यांच्या आवारांत आणि हॉलमध्ये प्रदर्शनं लागतात. आहेराची पाकिटं, भेटकार्डं, पणत्या, कापडी पिशव्या त्यात विकल्या जातात. आमच्यातल्या काहींनी ते केलं आणि घरखर्चाला हातभार लावला. त्यांना मी नेहमी सांगते की किंमत लावताना रंग-कागदाबरोबर आपला वेळही धरा. गिऱ्हाईक म्हणेल, ‘शिक्काच तर मारलाय.’ त्याला दहा पाकिटं शेजारी मांडून दाखवा. एकाच ठशाची दहा वेगळी रूपं त्याच्या डोळ्यांना दिसतात आणि घासाघीस बरीचशी तिथेच थांबते. दुसऱ्याचं चित्र फोनवर पाहून त्याचा ठसा करून विकणं मात्र कृपा करून टाळा. शिरगावच्या आसपास चाफा आहे, काजवे आहेत, उल्हास नदीकाठचे बगळे आहेत, भाताची रोपं आहेत, लोकलच्या खिडकीच्या आडव्या गजांची जाळी आहे. यातल्या कुठल्याच गोष्टीचा ठसा तयार संचात मिळत नाही.

वही कशी वापरायची ते थोडक्यात. पाठ क्रमाने करायची सक्ती नाही, पण पहिला पाठ वगळू नका. त्यात रंग एकच आहे, काळा, आणि ठसा एकच, तुमच्या अंगठ्याचा. एका पानावर तो हलका, मध्यम, जोरात, तिरका, घसरता, रंग संपेपर्यंत उमटवत जायचा आणि एकही ठसा पुसायचा नाही. डावीकडची पानं मुद्दाम कोरी ठेवली आहेत आणि वही दोऱ्याने शिवून घेतली आहे, म्हणजे चिकटकामाने जाडी वाढली तरी ती पूर्ण उघडेल. शिवण सैल पडली तर मधल्या पानाशी दोरा ओढून पुन्हा गाठ मारा. रंग सुकल्याशिवाय पान उलटू नका, आणि पावसाळ्यात वही कपाटात बंद न ठेवता उघडून ठेवा.